पाणी चावतंय

आईने ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी महावितरणचं बिल बघत बसलो होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि बोनस काही झाला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत गणपतीपासून पगार दोन हप्त्यांत होत होता. दुसरा हप्ता कधी, हे अकाउंट्सवाल्यालाही ठाऊक नसायचं. त्या महिन्यात आम्ही ३०० युनिटांचा टप्पा ११ युनिटांनी ओलांडला होता. १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे तिसरा. ती ११ युनिटं कुणी जाळली, कुठल्या खोलीत जाळली, याचा मी मनातल्या मनात पंचनामा करत होतो.

"अरे, नळाचं पाणी चावतंय मला," आई म्हणाली.

मी मान वर न करता म्हटलं, "थंड असेल."

"थंड पाणी झोंबतं. गरम पोळतं. हे चावतंय."

आई ७४ वर्षांची आहे. वीस वर्षांचा मधुमेह आहे, तळपायांना मुंग्या येतात. या मुंग्या आमच्या घरात इतक्या जुन्या की त्यांचं कुणाला काही वाटत नाही. बायको म्हणाली, शुगर वाढली असेल, दिवाळीत करंज्या झाल्यात. मी म्हटलं, असेल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी बी-१२ च्या गोळ्या लिहून दिल्या. त्या आणल्या. म्हणजे ज्या घरात खर्च नको म्हणून काही बघायचं नव्हतं, त्या घराने आधी गोळ्यांवर खर्च केला.

आई नंतरही दोन-तीनदा बोलली. चौथ्यांदा बोलली नाही. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या.

आम्हा बाकी तिघांना पाणी का चावत नव्हतं? याचं उत्तर अगदी साधं होतं आणि ते आमच्या सवयीत होतं. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, दारालगत. आम्ही आधी वीस मिनिटं लावतो, मग बंद करून आत जातो. लहानपणापासून वडिलांनी लावलेली शिस्त. आईला मात्र पाणी जास्त लागतं, तिची आंघोळ सावकाश चालते आणि १५ लिटरची टाकी तिला पुरत नाही. म्हणून तिच्या वेळी बटण चालूच ठेवायचं, हे मी ठरवलेलं. तिची सोय म्हणून. म्हणजे घरात चालू गिझरच्या नळाला हात लावणारी ती एकटीच होती. हे मला डिसेंबरपर्यंत सुचलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर गिझरने दगा दिला. ठाण्याच्या थंडीला थंडी म्हणणं म्हणजे नाशिककरांची करमणूक, पण सतरा-अठरा अंशांत तलावपाळीला लोक कानटोप्या घालून फिरतात, हेही खरं. गच्चीवरच्या टाकीतलं जे पाणी मे महिन्यात दुपारी हात पोळवतं, ते आता सकाळी बोटं वाकडी करत होतं. आणि गिझरमधून येत होतं कोमट. लाल दिवा लागायचा, पाच मिनिटांत विझायचा, पाणी जेमतेम अंगाला सोसेल न सोसेल असं.

कंपनीचा माणूस बोलवायचा तर नुसत्या येण्याचे पाचशे, मग पार्टचे वेगळे. ओळखीच्या दुकानदाराने एक मुलगा सुचवला. लोकमान्यनगरहून स्कूटरवर येणारा, आयटीआय केलेला, बोलायला कमी. त्याने पाणी सोडून टाकी रिकामी केली, खालचं झाकण उघडलं, गोल पत्र्याचे नट फिरवले आणि आतला ऐवज बाहेर काढून आमच्या बाथरूमच्या लाद्यांवर एक एक करून मांडला. चौदा वर्षं रोज वापरलेली वस्तू मी पहिल्यांदा आतून पाहत होतो. वाकडी-तिकडी तांब्याची नळी, तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर. तो नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. शेजारी एक काळपट तार. मी विचारलं, हे काय? म्हणाला, हा मॅग्नेशियमचा रॉड. नवा असताना अंगठ्याएवढा जाड असतो. पाणी टाकीचा पत्रा खायच्या आधी याला खातं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. "तुम्ही कधी बदलला होता?" मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुढे विचारलं नाही.

मग त्याने पिवळा मल्टिमीटर काढला. नळीच्या दोन टोकांना दोन तारा लावल्या. काट्याचे मीटर गेले, आता आकडे दिसतात. २६ आला. "हे बरोबर आहे," तो म्हणाला. दोन हजार वॅटच्या एलिमेंटला २६ ओहमच यायला हवेत. म्हणजे तापवणारी तार शाबूत होती. "पाणी कोमट येतं ते थर्मोस्टॅटमुळे. तो वीज लवकर कापतोय. त्याचं काम छोटं आहे."

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्याने एक तार टोकावरून काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला टेकवली. इथे मीटरवर डावीकडे नुसता १ दिसायला हवा, म्हणजे वाट बंद, वीज बाहेर येत नाही. पण आकडा आला. दहा, म्हणजे दहा हजार ओहम. मग अकरा, मग पुन्हा साडेनऊ. एखाद्या आजारी माणसाच्या नाडीसारखा तो खालीवर होत राहिला. तो मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

"काका, तुमची ईएलसीबी पडत नाही का?"

"पडायची," मी म्हटलं.

"पडायची म्हणजे?"

आता जुलै महिन्याबद्दल सांगणं भाग आहे.

जुलैत आमची ईएलसीबी, म्हणजे विजेच्या डब्यातली आपोआप पडणारी सुरक्षेची कळ, रोज पडत होती. सकाळी सहा-साडेसहाला फाटकन आवाज, घरभर अंधार, फ्रिज बंद, लेकीची मोबाइलवरची क्लासची लिंक बंद. वर करावी, तर कधी राहायची, कधी पुन्हा पडायची. तेव्हा आलेल्या मिस्त्रीने भिंतीवर हात ठेवून सांगितलं, ओल आहे, पावसाळ्यात असं होतं. ईएलसीबीही जुनी झालीय. नवी घातली तर मजुरीसकट अडीच हजार. "नाहीतर डायरेक्ट करून देतो. एमसीबी आहेच की." महिन्याची २४ तारीख होती. मी म्हटलं, करा डायरेक्ट. त्याने दोन तारा काढल्या, दोन जोडल्या, दोनशे रुपये घेतले आणि गेला. ईएलसीबी त्यानंतर कधीच पडली नाही. पडणार कशी, ती नुसती डब्यात शोभेला होती.

ती का पडत होती ते मला त्या मुलाने बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून समजावलं. ईएलसीबी फक्त हिशेब करते. घरात किती वीज गेली आणि किती परत आली. दोन्ही सारखे तर ठीक. मधल्या मध्ये कुठे गळाली, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तर तो फरक ३० मिलिअँपियरच्या आत असतानाच ती पडते. एमसीबीचं काम निराळं. जास्त भार आला, शॉर्टसर्किट झालं, तरच ती पडणार. १० हजार ओहममधून २३० व्होल्टला किती वीज वाहते ते मी त्याच्यासमोर मोबाइलवर भागाकार करून पाहिलं. २३ मिलिअँपियर. वीस अँपियरच्या एमसीबीला हे म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी बसल्यासारखं. माणसाला मात्र एक मिलिअँपियरला मुंग्या येतात आणि दहाच्या पुढेमागे स्नायू आखडून हातातली वस्तू सुटेनाशी होते.

तांब्याच्या त्या नळीत आत तार असते, तिच्याभोवती पांढरी पूड ठासलेली असते. नळीला क्षारांखाली केसाएवढी चीर पडली होती. पाणी आत शिरलं होतं. जुलैत भिंत ओली असल्यामुळे गळलेल्या विजेला भिंतीतून वाट मिळत होती, म्हणून ईएलसीबी ओरडत होती. सकाळीच ओरडायची, कारण गिझर सकाळीच लागायचा. एवढी साधी गोष्ट. रोज एकाच वेळी पडते, तर त्या वेळी काय चालू असतं, हे विचारायलाही मी थांबलो नाही. मी कामाला आहे ते क्वालिटी कंट्रोलला, हे लिहिताना हात जरा अडखळतो.

त्या मुलाने नंतर पॉवर प्लगची पाटी उघडली. तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्याच्या मागे तार होती. हिरवी होती, जोडलेली होती. मला बरं वाटलं. तो म्हणाला, "ही जाते कुठे बघू." ती भिंतीतून उतरून नळाच्या मागच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती.

चरईतली आमची इमारत १९८४ सालची. पूर्वी असंच करायचे म्हणे. लोखंडी पाण्याचा पाइप जमिनीत जातोच, मग अर्थिंग त्यालाच बांधायचं. तेव्हा ते चालूनही जायचं. पण पाच-सहा वर्षांपूर्वी सोसायटीने गळके लोखंडी पाइप काढून बाहेरून प्लॅस्टिकचे टाकले. आमच्या भिंतीत उरला तो दीड हात लोखंडी तुकडा. एक टोक प्लॅस्टिकला, दुसरं नळाला. म्हणजे गिझरच्या अंगावर आलेली वीज त्या हिरव्या तारेवरून जमिनीत जायच्या ऐवजी, सरळ आईच्या हातातल्या नळापर्यंत येत होती. जी तार माणूस वाचवायला घातलेली, तीच.

"मग तिला काही झालं कसं नाही?" बायकोने दारातून विचारलं. तिचा आवाज चढलेला होता.

मुलाने बाथरूमभर नजर फिरवली. कोपऱ्यात आईचं निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं. गुडघे दुखतात म्हणून स्टेशन रोडवरून आणलेलं, घासाघीस करून. पायाखाली रबरी जाळीचा पायपोस, घसरू नये म्हणून. "याच्यावर बसून करतात ना आजी? पाय याच्यावर? म्हणून नुसतं चावलं."

आई बाहेर सोफ्यावर वाती वळत होती. तिने ऐकलं असणार. वर पाहिलं नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट मांडता येत नाही. शरमेपेक्षा आधी भीती आली आणि भीतीच्याही आधी, खरं सांगतो, हिशेब आला. एलिमेंट, थर्मोस्टॅट, रॉड, गॅस्केट, ईएलसीबी, वायर. हा हिशेब गेले सहा महिने माझ्या कानात सतत चालू होता. त्यात आईचं बोलणं ऐकू येत होतं, पण त्यातून नवा खर्च निघतोय का, एवढंच मी ऐकत होतो. शुगर म्हटलं की ते आधीपासूनच्या खात्यात पडतं. गिझर म्हटलं असतं तर नवं खातं उघडावं लागलं असतं.

पुढचे नऊ दिवस गिझर उघड्या पोटाने भिंतीवर टांगलेला होता. शेजारच्यांनी पाणी तापवायचा रॉड देऊ केला. बादलीत सोडायचा तो. तो लोक वापरतात, नीट वापरला, प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घातलं नाही, तर चालतोही. पण डायरेक्ट केलेल्या घरात बादलीत वीज सोडायला माझा जीव धजेना. गॅस गिझरचंही कुणी सुचवलं. आमच्या बाथरूमला खिडकी म्हणायला एक झरोका आहे. कोंडलेल्या जागेत त्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. तेही नको. मग राहिला स्वयंपाकघरातला गॅस आणि लग्नकार्यातलं मोठं पातेलं.

त्या नऊ दिवसांत आईचा घरातला हुद्दा वाढला. कुणी किती वाजता, कुणाला किती तांबे कढत, हे ती ठरवू लागली. मी दोन सांडशांनी पातेलं धरून "सरका, सरका" करत पॅसेजमधून जायचो, आणि ती मागून, "विसण आधी घाल बादलीत. आधी गार, मग कढत. बादली तडकेल." विसण हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! कढत पाण्यात सोसेल इतकं गार पाणी घालायचं ते विसण. आमच्या लेकीला हा शब्द माहीतच नव्हता. तिच्या नळाला दोन तोंडं आणि एक मूठ. विसण घालायला आधी कुणीतरी हात बुडवून बघावा लागतो आणि ज्याच्या आंघोळीसाठी बघतोय त्याची कातडी कशी आहे हे ठाऊक असावं लागतं. आई माझ्या बादलीत न विचारता विसण घालायची आणि ते बरोबर असायचं. तिच्या बादलीचं मला तीन दिवस जमलं नाही. एकदा पोळलं, दोनदा गार.

अलिबागजवळ तिच्या माहेरी बंब होता. तांब्याचा, पोटातून नळकांडं गेलेला. वरून ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या टाकायच्या, खाली राख. तसाच एक बंब वडिलांनी ठाण्यात संसार थाटताना घेतला होता. पहिल्या मजल्यावरचे लोक धुराची तक्रार करीपर्यंत तो गॅलरीत पेटायचा. नंतर वर्षातून एकदाच, नरक चतुर्दशीच्या पहाटे. आदल्या दिवशी मी आणि ताई चिंच लावून तो घासायचो. बोटं सुरकुतेपर्यंत. १९९४ साली पहिला गिझर आला तेव्हा बंब जांभळी नाक्यावर मोडीत दिला. तांब्याला भाव बरा आला, गिझरची पाऊण किंमत त्यातूनच निघाली. आई हे सांगताना हसत म्हणाली, "बंबाने मला कधी चावलं नाही हो. एकदा भाजलं. पण ते दिसतं तरी, भाजलेलं."

गिझर हा शब्द आइसलँडच्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आलाय. त्या कारंज्याचं नावच गेसिर. हे मी लेकीला सांगितलं तर आई म्हणाली, त्यापेक्षा वज्रेश्वरीची कुंडं काय वाईट? जिल्ह्यात गरम पाणी जमिनीतून फुकट वर येतं आणि आपण बिल भरतो. मला या युक्तिवादात खोट सापडली नाही.

नवा गिझर घ्यावा का, हा विचार झालाच. दुकानात साडेआठ हजारांचा पाच ताऱ्यांचा, म्हणजे फाइव्ह स्टारवाला होता. विक्रेता म्हणाला, बिल निम्म्यावर येईल. हे काही खरं नाही. १५ लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, मग गिझर कुठल्याही कंपनीचा असो. साठवणीच्या गिझरवरचे तारे सांगतात ते तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर किती उष्णता वाया जाते ते. जे दिवसभर बटण चालू ठेवतात त्यांना त्याचा फरक कळेल. आम्ही वीस मिनिटंवाले. शिवाय त्या मुलाने टॉर्च मारून टाकीची आतली बाजू दाखवली होती. काचेचा मुलामा शाबूत, गंज नाही. "घोडबंदरला टँकर-बोअरचं पाणी असतं तिथे चार-पाच वर्षांत वाट लागते. तुमचं नदीचं पाणी, गोडं." भातसेचं पाणी आमच्या बाजूने होतं. टाकी ठेवायची, पोट बदलायचं असं ठरलं. एलिमेंट, थर्मोस्टॅट, रॉड, गॅस्केट, मजुरी मिळून अठराशे. ईएलसीबी वेगळी. बायकोने तिच्या भिशीतून पैसे काढले आणि ते माझ्या हातात न देता थेट त्या मुलाला दिले. बरोबर केलं.

अर्थिंगसाठी मात्र सोसायटीत जावं लागलं. आमची इमारत गेली नऊ वर्षं रिडेव्हलपमेंटला जाते आहे. गेटवर बिल्डरचा फलक आहे, त्यातल्या टॉवरचा निळा रंग उडून पांढरा झालाय. त्यामुळे कुठलाही खर्च काढला की सेक्रेटरी काका एकच उत्तर देतात, "आता कशाला, पुढच्या वर्षी पाडायचीच आहे." प्लॅस्टिकचे पाइप टाकताना अर्थिंगचं कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मी म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे. मी म्हटलं, आमच्या घरीही एकटीचीच होती. ते गप्प बसले, बहुधा न कळल्यामुळे. शेवटी स्वखर्चाने तार ओढायची परवानगी मिळाली. सोबत एक नोटीसही लागली की प्रत्येकाने आपापलं अर्थिंग तपासून घ्यावं. ती अजून लिफ्टजवळ आहे, तिच्यावर आता केबलवाल्याची जाहिरात चिकटली आहे.

मीटरच्या खोलीबाहेर अर्थिंगचा खड्डा आहे, हे शोधायला अर्धा तास गेला, कारण त्याच्या झाकणावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती. मीठ आणि कोळसा भरून त्यात पट्टी पुरलेली असते आणि जमीन कोरडी पडली की ती निकामी होते. मुलाने कुंडी बाजूला केली. खाली ओल होती. रोज सकाळी तळमजल्यावरच्या आजी तुळशीला घालतात ते पाणी झिरपून झिरपून खड्ड्यात उतरलं होतं. त्याने १०० वॅटचा पिवळा बल्ब घेतला, एक तार फेजला, दुसरी त्या पट्टीला. बल्ब लख्ख पेटला. तो मुलगा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "कुंडी परत तिथेच ठेवा," म्हणाला. तिथून हिरवी तार तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरात आली, बावीस मीटर. पाइपला बांधलेली जुनी तार त्याने कापली आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. का दिला कुणास ठाऊक. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता गिझर चालतो. आईच्या वेळीही बटण बंदच करतो. पाणी कमी पडलं तर ती हाक मारते, मग ती बाहेर आल्याशिवाय पुन्हा लावत नाही. उशीर होतो. होऊ दे.

नव्या ईएलसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण आहे. ते अधूनमधून दाबून बघायचं, पडली तर ती जिवंत. मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबतो. संध्याकाळी आठला, आईची मालिका चालू असताना, कारण तेव्हाच माझ्या लक्षात राहतं. परवा दाबलं. फाट. टीव्ही गेला, पंखा गेला, आतून लेक "बाबा!" म्हणून ओरडली. अंधारात सोफ्यावरून आईचा आवाज आला.

"पडली का रे?"

"पडली."

"हं," ती म्हणाली, आणि अंधारातच पुढची वात वळायला घेतली.